कोपऱ्यातले मूल आणि विशेष शिक्षणाची सनद

करवीर संस्थानात अस्पृश्यांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. १९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी त्या बंद करण्याचा हुकूम काढला आणि आमची मुले सर्वांच्या सरकारी शाळेत, सर्वांच्या बरोबरीने बसतील असे ठरविले. त्याआधी १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले होते. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे जगातील शिक्षणतज्ज्ञ जमले आणि सर्व मुलांना एकाच शाळेत सामावून घेण्याचा जाहीरनामा त्यांनी काढला. त्यालाच आज ‘समावेशक शिक्षण’ म्हणतात. त्या विचाराचे बी कोल्हापूरच्या मातीत पाऊण शतक आधी पडले होते. परंतु नुसता अभिमान बाळगून भागत नाही. आज कोल्हापुरात, आमच्याच वस्तीत, कोणते मूल वर्गाच्या कोपऱ्यात एकटे बसले आहे, हा प्रश्न शाहूंचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या शाळेच्या हजेरीपटावर होते. शाळा सर्वांची होती. तरीही भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर एकटा बसत असे. तहान लागली आणि शिपाई नसला तर त्या लेकराला पाणी मिळत नसे. याचा अर्थ काय? पटावर नाव लागणे वेगळे आणि शाळेत सामावले जाणे वेगळे. हा धडा आमच्या समाजाला कोणत्याही विद्यापीठाने शिकवावा लागत नाही, आम्ही तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. म्हणूनच स्वमग्न मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न चळवळीच्या वाचकांपुढे मांडणे आम्हाला आमचे कर्तव्य वाटते.

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावरून त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले. हा मेंदूच्या वाढीतला जन्मापासूनचा वेगळेपणा आहे. मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, उशिरा बोलते किंवा ऐकलेलेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते. एखाद्या गोष्टीत तासन्‌तास रमते. कुकरची शिट्टी, डॉल्बीचा आवाज, गर्दी त्याला सहन होत नाही. रोजचा क्रम बदलला की ते आकांत करते. यातली सगळीच लक्षणे सगळ्यांत नसतात. काही मुले बोलतच नाहीत, तर काही फर्डे बोलतात आणि गणितात वर्गाच्या पुढे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाचा विचार केला तर शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल असे असते. हे प्रमाण जात पाहत नाही, धर्म पाहत नाही, पगार पाहत नाही. निदान आणि उपचार मात्र हे सर्व पाहतात!

श्रीमंताच्या घरात मूल दोन वर्षांचे होऊन बोलले नाही तर ते पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाकडे जाते. आमच्या वस्तीत काय होते? कोणी म्हणते बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणते कुणीतरी करणी केली. देवऋषी, अंगारा, गंडा-दोरा यांत दोन-तीन वर्षे जातात, आणि नेमकी हीच वर्षे मुलाला शिकविण्यासाठी सर्वांत मोलाची असतात. सासरचे लोक आईला दोष देतात. एके काळी पाश्चात्त्य देशांतले पंडितही आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असे सांगत होते. विज्ञानाने तो आरोप कधीच खोडून काढला. लसीमुळे ऑटिझम होतो हेही खोटे ठरले आहे. ऑटिझम ‘बरा’ करून देतो म्हणून स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये उकळणारेही आहेत. ऑटिझमसाठी हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली घेतली. स्वमग्न मूल शिकते, बदलते, पुढे जाते ते शिक्षणाने आणि सरावाने. तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता तपासून पाहण्यास सांगितले. धम्म स्वीकारलेल्या घरात तरी अंगाऱ्याला जागा असता कामा नये.

वकिली करताना आमच्याकडे असे पालक येतात. त्यांतल्या एका मातेची हकीकत येथे सांगणे आवश्यक आहे. धुणीभांडी करून संसार चालविणारी ही भगिनी, तिचा मुलगा सात वर्षांचा. जवळच्या शाळेने सांगितले, याला विशेष शाळेत घाला. विशेष शाळेने सांगितले, हा मतिमंद वाटत नाही, साध्या शाळेत घाला. हा मुलगा के.एम.टी.च्या बसवरच्या पाट्या वाचून अख्खा मार्ग तोंडपाठ सांगत होता, पण कोणी नाव विचारले तर उत्तर देत नव्हता. आम्ही कायद्याचे कलम घालून शाळेला नोटीस दिली आणि प्रवेश मिळाला. तीन आठवड्यांनी ती माता पुन्हा आमच्यासमोर उभी! मुलाला दाराजवळ वेगळे बसवीत होते आणि मधल्या सुट्टीनंतर घरी पाठवीत होते. गुरुजी वाईट नव्हते. त्यांच्या वर्गात चाळीस मुले होती आणि अशा मुलाला कसे शिकवायचे हे त्यांना कोणी, कधीही सांगितलेले नव्हते. वकिलाची नोटीस शाळेचे दार उघडू शकते, पण वर्गात उभे राहून शिकवू शकत नाही. शिकविण्यासाठी माणूस लागतो, आणि तो शिकलेला लागतो.

कायद्याची स्थिती वाचकांनी नीट समजून घ्यावी. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, त्यात ऑटिझमचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते प्रथम घेतले. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार मान्य केला आणि त्यानंतर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला, तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करावी लागते. कलम १७ प्रमाणे प्रशिक्षित शिक्षक तयार करणे आणि नेमणे ही शासनाची जबाबदारी आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षण आहे, आणि जवळची शाळा की विशेष शाळा ही निवड त्याची आहे. कलम ३२ ने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. कलम ३४ ने सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यात स्वमग्न व्यक्तींचाही वाटा आहे. कलम ९२ तर अॅट्रॉसिटी कायद्याची आठवण करून देते. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमच्या दृष्टीने आणखी एक निकाल महत्त्वाचा आहे. आर्यन राज विरुद्ध चंदीगड प्रशासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केले की दिव्यांग व्यक्तीही सामाजिकदृष्ट्या मागास आहेत आणि अनुसूचित जाती-जमातींना प्रवेशाच्या गुणांत मिळणारी सवलत त्यांनाही मिळाली पाहिजे. ज्या तत्त्वासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले त्या तत्त्वाच्या छायेत आज देशातले सर्व जातींचे दिव्यांग उभे आहेत. आरक्षणाला नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे! आणि ज्या मुलाच्या वाट्याला जात आणि दिव्यांगत्व अशी दोन्ही ओझी आली आहेत, त्याचे काय? त्याला तर शाळेत ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होणे फारच सोपे असते. आमच्या मुलांना अभ्यास जमत नाही हा समज आधीच तयार आहे. त्या समजाखाली त्याचा ऑटिझम झाकला जातो. तो पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर आणि शेवटच्या बाकावरून शाळेबाहेर जातो, आणि त्याची नोंद ‘गळती’ या एका शब्दात होते.

आता शिक्षकांचा प्रश्न. रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तात्पुरती व्यवस्था म्हणून स्वमग्न मुलांसाठी पाच मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण धरले. पुढे केंद्र सरकारने २०२२ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहांमागे एक आणि त्यावरच्या स्तरावर पंधरांमागे एक असे प्रमाण जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा सर्व राज्यांना बजावले की पदे मंजूर करा, जाहीर करा आणि पात्र माणसे नेमा. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये विशेष शिक्षकांच्या ४८६० पदांचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण ही पदे केंद्र स्तरावरची आहेत, म्हणजे एका केंद्राखालच्या अनेक शाळांना मिळून एक शिक्षक. आजरा, चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा अशा डोंगरी तालुक्यांत एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायलाच अर्धा दिवस लागतो. तेथे त्या एका माणसाने आंधळ्या, बहिऱ्या, स्वमग्न अशा सर्व मुलांना काय काय शिकवावे?

येथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. भारतात वाटेल त्याला विशेष शिक्षक होता येत नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव घालावे लागते. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंडाची शिक्षा आहे. वकिलाला सनद लागते तसाच हा प्रकार आहे. शाहू महाराजांनी आमच्या मुलांना शाळेत बसविले, वसतिगृहे काढली, १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. पण ते तेथे थांबले नाहीत. अस्पृश्य समाजातील माणसांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. कारण त्यांना ठाऊक होते की कायद्याचे ज्ञान दुसऱ्याच्या हातात राहिले तर न्यायासाठी कायम दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. ऑटिझमचे ज्ञान आज कोणाच्या हातात आहे? शहरातल्या, इंग्रजी शिकलेल्या, तासाला भरपूर फी घेणाऱ्या थोड्या लोकांच्या. ही सनद आमच्या मुला-मुलींच्या हातात आली पाहिजे.

आणि ती पदविकेपर्यंत येऊन थांबता कामा नये. आमच्या समाजाने डी.एड., बी.एड. पुष्कळ केले. आता विशेष शिक्षणातील बी.एड. आणि त्यापुढे दोन वर्षांचे विशेष शिक्षणातील एम.एड. असा रस्ता धरला पाहिजे. पदव्युत्तर का, असे कोणी विचारील. बी.एड. झालेला वर्गात शिकवितो. एम.एड. झालेला त्या शिक्षकांना शिकवितो, अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समितीत बसतो, मुलाची चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची हे ठरवितो. निदानासाठी ‘आयसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली आणि केंद्र सरकारने २०१६ साली ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी ती अधिसूचित केली. चाचणी कितीही चांगली असली तरी विचारणाऱ्याला वस्तीतल्या आईची बोली कळली पाहिजे. ‘पोरगं माझ्याकडं बघत न्हाई’ या एका वाक्यात ती काय सांगते आहे हे ज्याला घरातून कळते, तो चाचणीचे उत्तर अधिक खरे लिहील. बोलता न येणाऱ्या मुलासाठी चित्रांच्या पाट्या करतात. त्यात सँडविचचे चित्र असेल तर भाकरी मागणाऱ्या मुलाने कोठे बोट ठेवायचे? मराठीत, आमच्या जगण्यातले साहित्य तयार करणे हे पदव्युत्तर संशोधनाचेच काम आहे.

हे शिक्षण कोठे मिळते? मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात विशेष शिक्षणाचा विभाग आहे. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा व श्रवण क्षेत्रात, तर सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून बौद्धिक दिव्यांगत्वाच्या क्षेत्रात काम करते. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे बहुदिव्यांगत्वाची राष्ट्रीय संस्था आहे. परदेशात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठ ऑटिझमच्या शिक्षणासाठी नावाजलेले आहे. आमची विनंती एकच की प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेचा तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी पुनर्वास परिषदेने मान्य केला आहे काय, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहावे. मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी मिळत नाही आणि गरिबाचे पैसे बुडतात. परदेशी पदवी असेल तर भारतात नोंदणीसाठी काय लागते याची चौकशी आधी करावी.

पैशाचे काय? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुढे पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशासाठी राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे आणि तिला नाव राजर्षी शाहू महाराजांचेच आहे. ज्या राजाने लंडनच्या शिक्षणासाठी बाबासाहेबांना आर्थिक साहाय्य केले त्याच्या नावाची शिष्यवृत्ती घेऊन कोल्हापूरच्या वस्तीतली एखादी मुलगी ऑटिझमचे शिक्षण घ्यायला गेली, तर त्या नावाचे सार्थक होईल. या योजनांच्या अटी बदलत असतात, म्हणून चालू वर्षाची जाहिरात वाचूनच अर्ज करावा. समाजकल्याण कार्यालयात अडवणूक झाली तर लेखी उत्तर मागावे. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, आमच्यापुढे अत्याचार आहेत, बेकारी आहे, खाजगीकरण आहे, त्यात हा नवा विषय कशाला? आमचे उत्तर असे की हा विषय त्या प्रश्नांच्या बाहेरचा नाही. घरात स्वमग्न मूल असले की बहुधा आईची मजुरी सुटते. मोठी बहीण त्याला सांभाळायला शाळा सोडते. घर कर्जात जाते. एका मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न अख्ख्या कुटुंबाला मागे ओढतो. दुसरा आक्षेप नोकरीचा. विशेष शिक्षकांना वर्षानुवर्षे कंत्राटावर राबविले गेले हे सत्य आहे. पण आता न्यायालयाचे आदेश आहेत, कायद्याचे बंधन आहे. पदे निघतील तेव्हा पात्र उमेदवार नाहीत म्हणून राखीव जागा रिकाम्या ठेवायच्या, हा खेळ आम्ही यापूर्वी अनेक खात्यांत पाहिला आहे. तो येथे होऊ द्यायचा नसेल तर आजच पात्र व्हावे लागेल.

कोल्हापूरला या कामाची परंपरा आहे. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि शेकडो अपंगांना पायावर उभे केले. चेतना अपंगमती विकास संस्था बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवीत आली आहे. अशा संस्थांशी आमच्या तरुणांनी नाते जोडावे, तेथे जाऊन काम पाहावे. विशेष शाळांची गरज संपलेली नाही आणि समावेशक शिक्षणाच्या नावाने त्या बंद कराव्यात असे आम्ही म्हणत नाही. निवड मुलाची आणि पालकांची असावी, आणि निवडलेल्या ठिकाणी शिकविणारा माणूस असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात ऑटिझम व समावेशक शिक्षणाचा, पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला परवडेल अशा फीमध्ये उपलब्ध झाला पाहिजे. जिल्हा परिषद आणि महानगरपालिका यांनी आपल्या शाळांत विशेष गरजा असलेली मुले किती आणि मंजूर शिक्षक किती हे आकडे जाहीर केले पाहिजेत. आमच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात ते मागावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला आणि त्यात अंगणवाडी-शाळेतील मुलांची तपासणी करण्याची तरतूद आहे. ते तपासणी पथक सिद्धार्थनगरात, राजेंद्रनगरात, खेड्यातल्या बौद्धवाड्यांत, मातंग वस्तीत शेवटचे कधी आले होते, हे विचारावे.

आणि एक मागणी आमच्या स्वतःच्या समाजाकडे. २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागृती दिन आहे आणि त्यानंतर बारा दिवसांनी १४ एप्रिल येतो. जयंती मंडळांनी डॉल्बीच्या खर्चातला काही भाग बाजूला काढून दरवर्षी वस्तीतल्या एका विद्यार्थ्याच्या विशेष शिक्षणातील पदवीचा भार उचलावा. डॉल्बी कमी झाली तर कानांवर हात ठेवून घरात कोंडून बसलेले ते मूलही मिरवणूक पाहायला दारात येऊ शकेल. बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार अशा पालकांसाठी ठेवावा, तेथे दाखला कसा काढायचा, शाळेला अर्ज कसा द्यायचा हे कोणीतरी समजावून सांगावे. आमच्या जिल्ह्यातील वकील बांधवांनी हे काम फी न घेता करावे, आम्ही ते करीतच आहोत.

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या आदेशातला पहिला शब्द ‘शिका’ हा आहे. तो त्या मुलासाठीही आहे जे अजून बोललेले नाही. त्याला शिकविणारा आमच्यातून तयार झाला पाहिजे. या वर्षी पदवी घेऊन ‘आता पुढे काय?’ असे विचारणाऱ्या आमच्या मुला-मुलींनी विशेष शिक्षणाचा अर्ज भरावा.

जयभीम!